इस्त्रीवालीची तांबी

"रक्त जास्त जायला लागलं तर अंगावर काढू नकोस. लगेच ये. नाही आलीस तर मी येईन, सांगून ठेवते."

मला बसवताना नर्सताई असं म्हणाल्या होत्या. मैत्रिणींनो, मी एक जुनी तांबी आहे, दिवस राहू नयेत म्हणून गर्भपिशवीत बसवतात ती. बोटाच्या पेराहून जरा मोठा प्लास्टिकचा दांडा, त्यावर तांब्याची तार, खाली दोन दोरे. एवढाच माझा जीव.

मी एका इस्त्रीवालीच्या पोटात राहिले. दुसऱ्या बाळंतपणात ती मरणाच्या दारातून परतली होती. पुन्हा ती वेळ येऊ नये, एवढंच तिचं मागणं. ते मी पुरं केलं. व्रत पाळावं तशी नेमाने राबले.

पण पाळीला तिचं रक्त फार जाऊ लागलं, कळा येऊ लागल्या. ते माझ्यामुळेच. माझ्या कितीतरी बहिणी सुखाने नांदल्या. हिला मात्र मी सोसले नाही.

ती तपासणीला आली तेव्हा नर्सताई रजेवर होत्या. डॉक्टरांनी पडद्याआडून विचारलं, "दिवस गेलेत?"

"नाही, पण..."

"मग उत्तम. तांबी छान चाललीये. पुढच्या बाई, या."

घरी सासूबाई म्हणाल्या, "अगं, बाईला जायचंच थोडंफार." जाऊबाई म्हणाली, "तोंड बघ तुझं, धुतलेल्या चादरीसारखं झालंय. इस्त्री तेवढी मारायची राहिलीये." दोघी हसल्या. ती पुन्हा दवाखान्यात गेली नाही. जी परत आली नाही तिला त्रास नाही, असं तिथे सगळेच धरून चालले होते, नर्सताईसुद्धा.

आज तापलेली इस्त्री हातात असताना तिला घेरी आली. उजवा तळहात पार भाजला. तिला दवाखान्यात आणलं. नर्सताईंनी तिची पापणी ओढून पाहिली, ती आतून पांढरीफटक होती, आणि मला काढलं.

"मी येईन म्हणाले होते गं."

"तुम्हाला कुठली सवड, ताई." मग हळूच, "हात चालेल ना पहिल्यासारखा? मला दुसरं काही येत नाही."

ताईंनी तिच्या तळहातावरची पट्टी हलकेच सारखी केली.

आता तिला रक्त चढतंय आणि मी ट्रेमध्ये पडून आहे. थोड्या वेळाने मला टाकून देतील, त्याचं वाईट वाटत नाही. एकच विनवणी, मैत्रिणींनो. दिवस गेले का, हे जरूर विचारा. पण बाई कशी आहे, तेही विचारा. आणि तुमच्यापैकी कुणाला सोसवत नसेल तर बोला. मला काढता येतं.

इस्त्रीच्या दुकानामागच्या गल्लीत अशीच तांबी बसवून परत न आलेली एक बाई राहते. नर्सताईंनी हात धुतले, चपला पायात सरकवल्या आणि कुणाला काही न सांगता त्या तिकडे निघाल्या.