उसात मोठ्यानं बोलायचं

नववीतली नूतन उसातल्या पाऊलवाटेला एकटीच वळली, तेव्हा शाळेची शिपाईण बयाबाई हातातली घंटा टाकून तिच्यामागं पळाली. निमगाव सावाची पोरं उसातून जाताना घोळक्यानं जातात आणि मोठमोठ्यानं बोलतात. माणसाचा आवाज आला की बिबट्या लांब राहतो. नूतन मात्र दुपारपासून मुकी झाली होती.

झालं होतं असं, की शाळेच्या कार्यक्रमात भाषणाआधी ती पाहुण्यांना वाकून नमस्कार करायला गेली. माईक नेमका पाठीमागं. जे वाजलं ते शेजारच्या राजुरीच्या बाजारात ऐकू गेलं म्हणतात. त्यानंतर ती एकच वाक्य बोलली होती, पुन्हा शाळेत पाऊल ठेवणार नाही.

बयाबाईनं तिला गाठलं, तेव्हा वारा पडला होता. तरी डावीकडचं पाचट वाजत होतं. या दोघी थांबल्या की तेही थांबायचं. बयाबाईनं बोल बोल म्हणून विनवलं. पोरगी खाली मान घालून चाललेली.

काहीतरी बोलायलाच हवं होतं. पाढे म्हणावेत, देवाचं नाव घ्यावं. पण घाबरलेल्या जिभेवर चाळीस वर्षं दडपलेलंच आलं.

"माज्या लग्नात सकाळधरनं मला कुनी लगवीला भाईर जाऊ दिलं न्हाई," बयाबाई ओरडली. "पाटावर बसल्या बसल्या शालूतच झालं. कुनाला कळू नये म्हनून मीच पायानं कलश लवंडला."

सासरच्यांना लवंडलेला कलश तेवढा दिसला. तेव्हापासून बयाबाई अपशकुनी. दीर जानकू कामाला निघाला की त्याला आपलं तोंड दिसू नये म्हणून ती आजही वाट सोडून कुडाआड उभी राहायची.

नूतननं मान वर केली. "येवढ्यासाठी, मावशी?"

"येवढ्यासाठी. तुला बी चाळीस वर्सं पायजेत का?"

आणि तिला खोकल्याची ढास लागली. आवाजच बसला. पाचट आता हाताच्या अंतरावर वाजलं. उग्र, कुबट वास आला. बयाबाईनं पोरीचा दंड गच्च धरला आणि मानेनंच खुणावलं, आता तू.

नूतनच्या घशातून आधी नुसती हवा निघाली.

"मी माईकसमोर पादले."

मग जरा मोठ्यानं. मग उभा ऊस हलेल एवढ्यानं, रडत आणि हसत, पुन्हा पुन्हा. पाचट थांबलं. ते गेलं की नुसतं ऐकत बसलं, हे बघायला दोघींपैकी कुणी वळलं नाही.

ऊस संपला तिथं बांधावर जानकू पाणी धरत होता. हातातलं फावडं तसंच. त्यानं सगळं ऐकलं होतं.

सवयीनं बयाबाईचा पाय वाटेबाहेर पडू लागला. तिनं तो मागं घेतला. बांध एका माणसापुरताच रुंद होता.

जानकू खाली चिखलात उतरला आणि त्या दोघी पुढं जाईपर्यंत डोक्यावरची टोपी हातात घेऊन उभा राहिला.