शंबेची सोडचिठ्ठी

शंबे आणि मी ल्यारी या बंदराजवळच्या वस्तीत एकाच गल्लीतले. फुटबॉलमध्ये तो फॉरवर्ड, मी गोलकीपर. लहानपणी त्यानं मारलेले फटके अडवता अडवता माझी बोटं वाकडी झाली, ती आजही तशीच आहेत. आम्ही अनवाणी खेळायचो. मैदानावर गवत नव्हतं, खडी होती. त्या खडीवर जो वळू शकतो तो कुठंही वळू शकतो, असं शंबे म्हणायचा, आणि वळायचाही.

अठ्ठ्याहत्तर साली एका सरकारी गोदाम-खात्यानं आम्हा दोघांना संघात घेतलं. खात्याची नोकरी म्हणजे आमच्या गल्लीत लग्नाइतकी मोठी गोष्ट. शंबेची आई जनबीबी हिनं त्या दिवशी सुरमई तळून अख्ख्या गल्लीला वाटली. शंबेच्या कागदावर हुद्दा लिहिला होता, ‘खेळाडू, फॉरवर्ड’. तिला वाचता येत नव्हतं. तिनं तो शब्द कुठं लिहिलाय ते बोटानं दाखवून घेतलं.

पहिल्या हंगामात शंबेनं बावीस गोल केले. हंगाम संपला आणि आम्हाला दफ्तरात बसायला बोलावलं. आमच्या संघाचे वरिष्ठ होते वजाहत साहेब. आम्हाला वाटलं टेबल मिळेल. मिळाला चहाचा ट्रे. मी निमूटपणे उचलला. घरी सात माणसं होती, आणि खरं सांगायचं तर मला त्यात काही वावगंही वाटलं नाही. शंबेनंही दोन महिने उचलला. पण त्याचा चेहरा मी बघत होतो.

एक दिवस इस्लामाबादहून तीन पाहुणे आले. साहेबांनी शंबेला बोलावलं आणि पाहुण्यांना म्हणाले, “हा आमचा फॉरवर्ड. बावीस गोल. मैदानावर वाघ आहे, आणि इथं बघा, कसा गरीब गायीसारखा चहा देतो. शंबे, चहा झाला की या पाहुण्यांचे बूट पुसून आण. पायांचं काम तुला चांगलं कळतं.”

पाहुणे हसले. शंबेनं ट्रे साहेबांच्या फायलींवर ठेवला. हळूच, एक थेंबही सांडू न देता.

“साहेब,” तो म्हणाला, “माझ्या कागदावर फॉरवर्ड लिहिलंय. चहा हाताशी ठेवलाय, घ्या. बूट ज्याचे त्यानं पुसावेत.”

आणि तो निघून गेला.

दुसऱ्या दिवशी त्याला कामावरून आणि संघातून बाजूला केलं. पण खरी शिक्षा पुढंच होती. एका कापडगिरणीचा संघ त्याला घ्यायला तयार होता, आणि खात्याच्या सोडचिठ्ठीशिवाय त्याला दुसरीकडे खेळता येत नव्हतं. साहेब ती देईनात. म्हणाले, “आधी येऊन माफी माग.”

मी शंबेला समजवायला गेलो. तो पायरीवर बसून बुटांना तेल लावत होता.

“दोन शब्द बोलून टाक ना,” मी म्हणालो. “तुझं काय जातं? वर्ष फुकट जाईल.”

“कुठले दोन शब्द?”

“माफ करा.”

“तू बोलून ये माझ्या वतीनं. तुला सवय झालीय.”

मला लागलं ते. मी उठलो. आतून जनबीबी म्हणाली, “पीरू, बस. मासे खाऊन जा. हा बापावर गेलाय. त्यानं बंदरावर आयुष्यभर पोती वाहिली, पण मुकादमाची छत्री कधी धरली नाही. मला त्याचा राग यायचा. आता दोघांचा येतो.”

सोमवारी सकाळी दहा वाजता शंबे खात्याच्या फाटकासमोर उभा राहिला. धुतलेला पांढरा सदरा, खांद्यावर लेस बांधून टाकलेले बूट. ओरडला नाही, कुणाला अडवलं नाही. साहेबांची गाडी आली की तो सलाम करायचा आणि म्हणायचा, “साहेब, सोडचिठ्ठी.” पाच वाजले की घरी जायचा. मंगळवारी पुन्हा तेच. पठाण चौकीदारानं पहिल्या दिवशी हटकलं, चौथ्या दिवशी बसायला स्टूल आणून दिलं. शंबे त्यावर बसला नाही. म्हणाला, “बसलेला फॉरवर्ड काय कामाचा?”

महिना उलटला. कारकून येता-जाता त्याला हात करू लागले. “काय शंबे, सुटलास का?” तो म्हणायचा, “बायकोलासुद्धा तीन शब्दांत सोडतात लोक. मला सोडायला साहेबांना महिना पुरत नाही.” हा विनोद आतपर्यंत पोचला आणि साहेब आणखी तापले. मी मात्र रोज मागच्या दारानं आत जायचो. त्याच्यासमोरून जायची हिंमत नव्हती.

एक्केचाळिसाव्या दिवशी खात्याचे सर्वांत मोठे साहेब तपासणीला आले. गाडी फाटकात थांबली. त्यांनी काच खाली केली.

“हा कोण? बूट विकतोय का?”

शंबे पुढं झाला. “नाही साहेब. मी फॉरवर्ड आहे. मला पुढं जाऊ देत नाहीयेत.”

ते त्याला गाडीतूनच आत घेऊन गेले. त्या खोलीत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. अर्ध्या तासानं शंबे कागद घेऊन बाहेर आला, वजाहत साहेबांच्याच सहीचा. चौकीदाराला मिठी मारली आणि मग पुन्हा आत, दालनात मला शोधत आला.

“पीरू, आता तुझ्यावर गोल मारायला मोकळा झालो.”

तसंच झालं. पुढच्या हिवाळ्यात अंतिम सामना आमच्या खात्याचा आणि गिरणीचाच लागला, तोही ककरी मैदानावर, आमच्याच वस्तीत. भिंतींवर, गच्च्यांवर, टांग्यांवर माणसं. सामन्याआधी वजाहत साहेबांनी मला बाजूला घेतलं. “तुला त्याच्या सगळ्या खोडी माहीत आहेत. आज त्याला अडवलंस तर तुला टेबल देतो.”

मी हातमोजे चढवत मैदानाकडे वळलो. टेबलासाठी अडवणार नव्हतो, पण सोडणारही नव्हतो.

मध्यंतरानंतर गिरणीला पेनल्टी मिळाली. मारायला शंबे आला. तो नेहमी माझ्या उजव्या हाताला, जमिनीलगत मारायचा. त्याला ठाऊक होतं की मला ठाऊक आहे. तरी त्यानं तिथंच मारला, पूर्ण जोरानं. मी झेपावलो, चेंडू बोटांना लागून खांबाबाहेर गेला. कुणासाठी ओरडावं ते मैदानाला कळेना. वस्ती त्याची होती, आणि माझीही.

मी खडीतून उठलो. तो जवळून जाताना म्हणाला, “बरं केलंस. सोडला असतास तर तुझ्या घरचं पाणी प्यालो नसतो.”

शेवटच्या दहा मिनिटांत त्याला मधोमध पास मिळाला. मी धावत पुढं आलो. त्यानं एका पायावर वळून मला चुकवलं, मी आडवा पडलो, आणि त्यानं चेंडू माझ्यावरून अलगद उचलून जाळ्यात टाकला. एक-शून्य. खडीत पडल्या पडल्या मला हसू आलं, का ते सांगता येणार नाही.

सामना संपल्यावर साहेब आमच्या खोलीत आले. सगळ्यांसमोर मला म्हणाले, “दोस्ती निभावलीस. विकलास सामना.”

मी उठून काही बोलायच्या आत दारातून आवाज आला. शंबे तिथं उभा होता, घामानं निथळत.

“साहेब, पेनल्टी अडवली तेव्हा तुम्ही कुठं बघत होता? मी बारा यार्डांवरून मारलेला फटका यानं वाकड्या बोटांनी काढलाय. याला विकला म्हणता? पीरूला विकत घेण्याइतका पैसा तुमच्या सगळ्या गोदामांत नाही.”

“हा आमच्या खात्याचा मामला आहे,” साहेब म्हणाले. “तू बाहेर हो.”

तेव्हा मी माझे हातमोजे काढले आणि साहेबांच्या समोरच्या बाकावर ठेवले. “मीही येतो त्याच्याबरोबर,” मी म्हणालो. साहेबांसमोर असं मी कधी बोललो नव्हतो. पण बोललो.

गिरणीत एक गोलकीपर आधीच होता. मी अख्खा हंगाम राखीव बसलो. घरी ओढाताण झाली, बायको तीन महिने नीट बोलली नाही. पश्चात्ताप मात्र एक दिवसही झाला नाही.

शंबे गिरणीसाठी सात वर्षं खेळला. देशाच्या संघात त्याला कधी घेतलं नाही; निवड समितीत वजाहत साहेब बसत होते. दरवर्षी यादी लागली की लोक हळहळायचे. शंबे म्हणायचा, “त्यांना सांगा, शंबे यंदाही उपलब्ध आहे.” दरवर्षी तो चाचणीला जायचा, गोल करायचा, यादीत नसायचा, पुढच्या वर्षी पुन्हा जायचा.

शेवटी गुडघ्यानं दगा दिला. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, तरी शेवटचा हंगाम तो पट्टी बांधून खेळला. एका शुक्रवारी दुपारी, ककरीवरच, एका मुलतानी बचावपटूशी टक्कर झाली आणि तो खाली बसला. मी आमच्या गोलमधून बघत होतो. स्ट्रेचर आलं. त्यानं हातानं परत पाठवलं. उठला, रेफरीला सांगून बदली खेळाडू मागितला, आणि मैदानाची अख्खी रुंदी चालत बाहेर गेला. सरळ, न लंगडता, समोरच्या संघाच्या पाठीराख्यांच्या बाजूनं. ते आधी हुर्यो करत होते, मग गप्प झाले.

दोरीपलीकडे जनबीबी बसली होती. तिच्याजवळ पोचला आणि मग कोसळला. सामना संपेपर्यंत त्याला उठता आलं नाही. मी आणि संघातल्या एकानं त्याला खाटेवर घालून घरी नेलं तेव्हा तो दात आवळून म्हणाला, “बाहेर आलो ते माझ्या पायांनी. लिहून ठेव, पीरू.”