माझ्या पाठीवरचा झरोका

मित्रांनो, मला इंजिन नाही, पंखा नाही आणि इंधनाची टाकी तर नाहीच नाही. तरीही मी उडतो. मी एक जुना ग्लायडर आहे. एक छोटे विमान दोरीने ओढत मला वर नेते, तिथे दोरी सुटते आणि ते आपल्या कामाला निघून जाते. मग आकाशात मी आणि माझा वैमानिक असे दोघेच उरतो. उन्हाने तापलेल्या जमिनीवरून गरम हवा वर चढत असते. ती शोधायची, तिच्यात घारीसारख्या गिरक्या घेत उंची मिळवायची आणि मग अलगद घसरत पुढची गरम हवा गाठायची, एवढाच माझा उद्योग. इतक्या सुखाचा उद्योग जगात दुसरा नसेल.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. काचेच्या धाग्यांचे कापड साच्यात अंथरून, त्यावर राळ चोपडून माझे अंग घडवले गेले. घासकाम करणाऱ्या बायका ओला पॉलिशपेपर घेऊन दिवसभर माझे पंख घासत आणि मग डोळे मिटून त्यांवरून हात फिरवत. डोळ्यांना न दिसणारा खळगा त्यांच्या तळहाताला बरोबर सापडे. माझ्या अंगावरची चकाकी ही त्यांची पुण्याई.

तारुण्याची वर्षे मी एका क्लबात काढली. तिथे नवशिके मला उडवायचे, आणि आपटायचेही. त्यामुळे माझे सांधे थोडे सैल झाले. वैमानिकाच्या डोक्यावरचे पारदर्शक छत नीट बसेना, पंख जिथे अंगाला जोडतात तिथे फटी पडल्या. उडताना त्या फटींतून अशी शीळ वाजे की खाली शेतात काम करणारी माणसे मान वर करून बघत. मुले मला 'शिट्टीबहाद्दर' म्हणत. मला राग येत नसे. शीळ घालणारा सहसा आनंदातच असतो.

पुढे मला डॉक्टरीणबाईंनी विकत घेतले. त्या दातांच्या डॉक्टर. केस पिकायला लागल्यावर त्या उडायला शिकल्या होत्या, आणि एकदा शिकल्यावर त्यांना दुसरे काही सुचत नव्हते. त्यांच्याबरोबर त्यांची भावजय असे. वहिनींचे शिवणाचे दुकान होते. आकाशात जाण्याची त्यांना मुळीच हौस नव्हती, पण उड्डाणाच्या वेळी माझ्या पंखाचे टोक धरून गवतावरून धावण्यात त्यांचा हात, खरे तर पाय, धरणारे कोणी नव्हते. नणंद-भावजयीचे विळ्याभोपळ्याचे सख्य असते म्हणतात. या दोघी भांडतही खूप, पण दोघींचा पाण्याचा थर्मास एकच असे.

डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी माझ्याभोवती एक फेरी मारली आणि जीभ टाळ्याला लावून 'च्च' केले. "किती फटी आहेत या बिचाऱ्याला!" फटीतून हवा निसटली की वेग कमी होतो, हे खरेच आहे. म्हणून रोज सकाळी उडण्याआधी पंखांच्या सांध्यांवर पांढरी चिकटपट्टी लावायची आमच्यात रीतच आहे. पण बाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. त्यांनी छताच्या कडेला रबराची नवी पट्टी बसवली. पंख-शेपटीचे पडदे हलवणाऱ्या कळांच्या दांड्यांभोवती कापडी मोजे घातले. सीटखालची बारीकसारीक भोके तर त्यांनी इतक्या निगुतीने बुजवली, जणू माझी अक्कलदाढ भरत होत्या. माझी शीळ बंद झाली. मी गुपचूप आणि झपाट्याने उडू लागलो. धावपट्टीवरची माणसे म्हणत, "हा तो शिट्टीबहाद्दर नव्हेच!" माझी छाती फुगली.

पण उन्हाळा आला आणि सगळे बिनसले.

मित्रांनो, पारदर्शक छताखाली भर दुपारी बसणे म्हणजे काय, याची कल्पना करा. वरून सूर्य, खाली बंद खोका. माझ्या नाकाच्या टोकाला एक भोक आहे. तिथून वारा आत शिरतो आणि नळीतून वैमानिकाच्या चेहऱ्यापाशी येतो. निदान यायला हवा. पण तो येईनासा झाला. नळीपुढे गाल धरला तर जेमतेम फुंकर जाणवे. बाईंना घामाच्या धारा लागत, डोके ठणके, मळमळू लागे.

माझी दुरुस्ती करणारे फायबरकाका आले. त्यांनी नाकाचे भोक मोठे केले. उपयोग शून्य. मग त्यांनी जाड नळी घातली. तरी वारा हलेना. "नाक मोठं करून झालं," वहिनी म्हणाल्या, "आता काय, सोंड लावायची?"

डॉक्टरीणबाईंच्या मनात एक बेत होता. आमच्या धावपट्टीपासून दूर तीन टेकड्या आहेत. एकटीने तिसरीला वळसा घालून, कुठेही न उतरता परत यायचे. दोनदा त्या निघाल्या आणि दोनदा दुसऱ्या टेकडीवरूनच अर्धमेल्या होऊन परतल्या. दुसऱ्या वेळी तर आम्ही गवतावर तीन उड्या मारत उतरलो. बाई माझ्या पंखाच्या सावलीत बसल्या. चेहरा लालबुंद, ओठ पांढरे.

तेवढ्यात मुख्य प्रशिक्षक आले. त्यांचा आवाज असा की सगळे त्यांना पाठीमागे 'तोफखाना' म्हणत. ते त्या दिवशी मात्र हळू बोलले आणि म्हणूनच मला धास्ती वाटली.

"उतरताना धावपट्टी नीट दिसत होती का?"

"दिसत होती की," बाई म्हणाल्या. मग खरे बोलायच्या सवयीने पुढे म्हणाल्या, "साधारण दीड दिसत होती."

"मी हसत नाहीये, बाई. भोवळ आली असताना विमान उतरवणं म्हणजे जिवाशी खेळ. आणखी एकदा असं झालं, तर तुमचं एकटीनं उडणं बंद. क्लबच्या दोन सीटच्या ग्लायडरमध्ये बसायचं. पुढे तुम्ही, मागे मी."

"आणि सगळा रस्ता बोलणारही तुम्हीच," वहिनी पुटपुटल्या.

तोफखाना निघून गेले. बाईंना राग आला नव्हता. तोफखान्यांचे म्हणणे बरोबर आहे हे त्यांना कळत होते, म्हणूनच जास्त वाईट वाटत होते.

शेडमध्ये मला आत ढकलून झाल्यावर दोघी माझ्या पंखांवरची चिकटपट्टी सोलत होत्या. वहिनींनी नणंदेला हसवायचा चंग बांधला होता.

"वन्सं, तुमच्या दवाखान्यात खुर्चीत बसावं तर तोंडात पाण्याचा फवारा. इथे विमानात बसावं तर अंगावर घामाचा फवारा. तिथे निदान पाणी ओढून घ्यायला ती सुरसुर करणारी नळी तरी असते!"

बाईंचा हात थांबला. अर्धी सोललेली पट्टी तशीच लोंबत राहिली.

"पुन्हा बोल."

"काय पुन्हा बोल? चेष्टा केली हो मी."

"ओढून घेणारी नळी! वहिनी, तोंडात पाणी सोडत राहिलं आणि ओढून घेतलं नाही, तर काय होईल?"

"तोंड भरेल. मग आत थेंब मावणार नाही."

"तसंच हे आहे. हवा आत येत नाही, कारण आतली हवा बाहेर जात नाही! आधी ती फटींतून जात होती. मी सगळ्या फटी बुजवल्या. आम्ही मूर्खासारखं नाकाचं भोक मोठं करतोय आणि बाहेर जायची वाटच बंद!"

"दाताच्या डॉक्टरची खोड," वहिनी म्हणाल्या. "भोक दिसलं की भरायचं."

खरे सांगतो, शीळ बंद झाली म्हणून मीही मिरवत होतो. ती शीळ म्हणजे माझे श्वास सोडणे होते, हे मला तरी कुठे ठाऊक होते?

पण बाईंना नुसते सुचून पुरत नसे, बघावे लागे. त्यांनी वहिनींकडून लोकरीचा लाल धागा घेतला आणि तो नळीच्या तोंडाशी चिकटवला. दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन तापायच्या आत, आम्ही वर गेलो. नाकाचे भोक पूर्ण उघडे, तरी धागा मान टाकून लोंबत होता. मग बाईंनी छताच्या बाजूची छोटी सरकती खिडकी बोटभर उघडली. धागा ताडकन उभा राहिला! खिडकी बंद, धागा खाली. खिडकी उघडी, धागा वर. एकदा घडले तर तो योगायोग असू शकतो, म्हणून बाईंनी ते पुन्हा पुन्हा केले आणि प्रत्येक वेळी लहान मुलीसारख्या हसल्या.

खिडकी उघडी ठेवून लांब जाता येत नाही. कानाशी भोंगा वाजल्यासारखा आवाज होतो. हवा बाहेर जाण्याची वाट मागे हवी होती. बाईंनी फायबरकाकांना तसे सांगितले, तेव्हा काकांनी दोन्ही हात माझ्या पाठीवर ठेवले, जणू मला कोणी मारायलाच आले होते.

"भोक पाडायचं? याच्या पाठीला? बाई, तुम्ही तरी दुखत नसलेल्या दाताला हात लावता का?"

"नवीन भोक नकोच. हे झाकण आहे ना?"

पंखांच्या मागे माझ्या पाठीवर तपासणीचे एक झाकण पूर्वीपासून होते. काकांनी त्याच मापाचे नवे झाकण घडवले. ते माशाच्या कल्ल्यासारखे किंचित उचललेले होते आणि त्याचे तोंड शेपटीकडे होते. वारा त्याच्या पाठीवरून वेगाने घसरतो आणि जाता जाता आतली हवा ओढून नेतो. आतून बारीक जाळी बसवली. सीटमागच्या पातळ आडभिंतीला हवेपुरती भोके ठेवली. तपासनीस आले. त्यांनी सगळे ओढून, हलवून पाहिले, कळांच्या दांड्या कशाला घासत नाहीत याची खात्री केली आणि मगच होकार दिला. मित्रांनो, विमानाच्या अंगाला मनाने काही करायचे नसते, हेही ध्यानात ठेवा.

पहिल्या चाचणीला सगळी मंडळी जमली. आम्ही वर गेलो. बाईंनी धाग्याकडे पाहिले. धागा लोंबतच होता.

अंग तापू लागताच बाई हट्ट न करता लगेच खाली आल्या. काकांनी झाकण तपासले, जाळी तपासली. सगळे चोख. मग त्यांनी आत डोके घातले आणि आतूनच ओरडले, "हे काय आहे?"

ती होती एक भली जाड उशी. आपली नणंद लांब जाणार, तिची पाठ दुखू नये, म्हणून वहिनींनी गुपचूप शिवून पाठीशी ठेवलेली. आडभिंतीची सगळी भोके तिने झाकून टाकली होती.

"वहिनी, दार केलं आणि दारातच पलंग टाकलास!"

"मायेनं टाकला हो!" वहिनींनी कात्री काढली, उशीचे मधोमध दोन भाग केले आणि तिथल्या तिथे टाके घातले. मध्ये हवेला ऐसपैस बोळ राहिला. बाई पुन्हा वर गेल्या, आणि या वेळी लाल धागा असा फडफडू लागला की मलाच गुदगुल्या झाल्या.

मग तो दिवस उजाडला. ऊन मी म्हणत होते आणि ढग पिंजलेल्या कापसासारखे जागोजाग विखुरले होते. तोफखाना दुर्बीण घेऊन आधीच धावपट्टीवर उभे होते. वहिनी पंखाचे टोक धरून धावल्या, आणि आम्ही निघालो.

पहिली टेकडी मागे पडली. गार वारा नाकातून येत होता, बाईंच्या गालावरून, मानेवरून जात होता आणि माझ्या पाठीवरून बाहेर पडत होता. छताच्या फटींतून एके काळी शीळ घालणारी हवाही गप्प होती. तिला जायला आता तिची स्वतःची वाट होती. बाई गाऊ लागल्या. त्यांचा सूर चुकत होता, पण मी कोणाला सांगणार?

दुसऱ्या टेकडीवर मात्र नशीब रुसले. ढगाने ऊन झाकले, गरम हवा संपली आणि आम्ही खाली खाली जाऊ लागलो. कापणी झालेली शेते मोठी मोठी दिसू लागली. मी घाबरलो. पण बाईंचे डोके शांत होते. आधी त्यांनी वेळ पडली तर उतरण्यासाठी एक सपाट शेत निवडून ठेवले. मग सावकाश चहूकडे पाहिले. दूर एका पत्र्याच्या कारखान्यावर एक घार पंख न हलवता वर चढत होती. भोवळलेल्या डोळ्यांना ती कधीच दिसली नसती. आम्ही तिकडे वळलो आणि माझा डावा पंख कोणीतरी खालून उचलल्यासारखा वाटला. गरम हवा! आम्ही घारीच्या पाठोपाठ गिरक्या घेत निघालो. घारीने एकदा मान वळवून आमच्याकडे पाहिले आणि जागा करून दिली.

तिसऱ्या टेकडीला आम्ही वळसा घातला. बाईंनी माझ्या कडेला दोनदा थोपटले.

संध्याकाळच्या उन्हात आम्ही परतलो. चाक गवताला असे टेकले की मला स्वतःलाच कळले नाही. बाई छत उघडून एका उडीत बाहेर आल्या आणि पहिले वाक्य बोलल्या, "मला प्रचंड भूक लागली आहे!" वहिनींनी नणंदेला मिठी मारली आणि लगेच रागावल्या, "किती उशीर! इथे माझी नखं खाऊन संपली."

तोफखाना जवळ आले. त्यांनी बाईंचे डोळे निरखले, हाताला कंप आहे का ते पाहिले. मग माझ्या पाठीमागे जाऊन झाकणावर वाकले आणि बराच वेळ तिथेच घुटमळले.

"फायबरकाका," ते अखेर म्हणाले, "क्लबच्या ग्लायडरला असं झाकण बसेल का? मागच्या सीटवर मीही भाजूनच निघतो हो."

"आणि माझं काय?" बाईंनी विचारले. "उद्या मी एकटीनं जाऊ ना?"

"मग काय बँड लावून पाठवू?" तोफखाना गरजले, आणि शेडवर बसलेली सगळी पाखरे उडाली.

मित्रांनो, माझी गोष्ट इथवरच. आता एक मागणे. तुमच्या घरी, शाळेत, गाडीत कुठे ना कुठे हवा बाहेर सोडणारा एखादा झरोका असेल. थंडी वाजते, धूळ येते म्हणून त्यात चिंधी कोंबू नका. त्याच्या जाळीवर धूळ साचली तर ओल्या फडक्याने पुसा. त्याच्यासमोर कपाट सरकवू नका आणि उशी तर मुळीच ठेवू नका, मग ती कितीही मायेने शिवलेली असो. आत येणाऱ्या वाऱ्याचे कौतुक सगळेच करतात. त्याला बाहेर सोडणाऱ्या वाटेची काळजी तुम्ही घ्या.

आता मला झोपू द्या. सकाळी लवकर उठायचे आहे. वहिनी चिकटपट्टी घेऊन येतील, त्या पांढऱ्या पट्ट्या पंखांच्या सांध्यांवर लावतील, आणि मग माझ्या पाठीवरच्या झरोक्यापाशी येऊन तो मोकळा आहे ना, हे बोट घालून बघतील.