भोंगा की काडी

मी काडी बोलतेय. शिकारी जातीची कुत्री आहे मी. बरगड्या मोजता येतील अशी अंगकाठी, लांब पाय, आणि माणसाला जिथे नुसता ठिपका दिसतो तिथे ससा दिसेल असे डोळे. आमच्या जातीची कुत्री आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत, असं माझा पहिला धनी येणाऱ्याजाणाऱ्याला मोठ्या अभिमानाने सांगायचा. मला मात्र ते ऐकून धडकी भरायची. बाकीची कुठे गेली ते मला ठाऊक होतं. रानडुकरांच्या शिकारीला. माझी आई एका सकाळी शिकाऱ्यांच्या गाडीत चढली. परत आला तो तिचा पट्टा.

धन्याचे गुडघे गेले तेव्हा त्याने एकेक करून सगळी कुत्री देऊन टाकली. शेवटी दोघंच उरलो, मी आणि भोंगा. भोंगा दुसऱ्या जातीचा, तीही तितकीच दुर्मिळ. लोंबते कान, जड पंजे, आणि जमिनीला चिकटलेलं नाक. माग लागला की असा सूर लावायचा की दोन टेकड्यांपलीकडे ऐकू जावा. मी नजरेवर धावते, आणि भुंकत जवळजवळ नाहीच.

एक दिवस एक कुलूपवाला आणि त्याची बायको आली. त्याचे वडील विसरभोळे झाले होते. पूर्वी दगडाच्या खाणीवर मुकादम होते, आणि अजूनही कामावर निघालो म्हणून घराबाहेर पडायचे. गावभरची कुलपं हा माणूस दुरुस्त करी, पण वडील रोज त्याच्या हातून निसटत.

“आठ दिवस दोघांनाही ठेवून बघा,” धनी म्हणाला. “उरेल ते शिकारी नेतील. त्यांच्याशी बोलणं झालंय.”

ते शब्द मी पोटात घेऊनच त्या घरात शिरले.

घर म्हणजे दोन खोल्या. एकीत तेलाचा आणि पितळेच्या किसाचा वास. दुसरीत बायको खुर्च्यांना नवं कापड चढवायची, बारीक खिळे ओठांत धरून. घरमालकाने एकाच कुत्र्याला परवानगी दिली होती. रोज जेवताना तोच विषय निघे.

“काडीच बरी,” बायको म्हणे. “आवाज नाही, केस गळत नाहीत. कोपऱ्यात घडी घालून ठेवल्यासारखी बसते.”

“अगं, शोभेला आणायचीय का? बाबा हरवले तर भोंगा नाकाने शोधून काढेल.”

“हो, आणि त्याच्या आवाजाने शेजारी आपल्यालाच घराबाहेर काढतील!”

मी कान पाडून ऐकत राही. भोंगा मात्र विसरभोळ्या आजोबांच्या पायाशी ढाराढूर झोपलेला असे. त्याला भीती कशी ती माहीतच नव्हती.

तिसऱ्या दिवशी बायकोच्या हातून रिबिनीचं रीळ निसटलं आणि फरशीवरून पळत सुटलं. पुढचं मला आठवत नाही. भानावर आले तेव्हा रीळ माझ्या दातांत होतं, चेपलेलं. बायको हसली. “खेळकर आहे हो ही!”

माझे दात आपोआप मिटले होते, आणि मला कुणी विचारलंही नव्हतं. भोंग्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि उठून तो दुसऱ्या खोलीत गेला.

सातव्या दिवशी दुपारी आजोबा पुन्हा निसटले. बायकोने मान वर केली तेव्हा दार उघडं होतं. तिने खिळे थुंकले आणि नवऱ्याला हाक मारली. त्याने भोंग्याला आजोबांची टोपी हुंगायला दिली. मला एकटं मागे ठेवायला नको म्हणून माझा पट्टा बायकोने धरला.

भोंगा एकदाही चुकला नाही. घरांच्या मागून, चुनाभट्टीवरून, थेट खाणीकडे. खाण बंद पडलेली होती. माळावर येताच त्याने सूर लावला.

खाणीवर सुरुंग उडवण्याआधी असाच भोंगा वाजत असे. लांबवर आजोबांनी तो सूर ऐकला, आणि सुरुंग उडणार असं समजून ते कड्याच्या दिशेने पळू लागले.

खरं सांगते, आजोबा मला दिसलेच नाहीत. दिसलं ते काहीतरी पळणारं. बायकोच्या हातून पट्टा सुटला. वारा, गवत, दगड, सगळं मागे पडलं. पुढे फक्त ते होतं, धडपडत पळणारं, जवळ येत जाणारं. माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं.

मग ते थांबलं, आणि माझ्याकडे वळलं. दोन्ही हात पसरून ओरडलं, “चल, चल लवकर! बाकीचे कुठे राहिले?”

मुकादम आपली माणसं मोजायला थांबले होते.

पळणारं थांबलं तशी माझी धावही तुटली. घसरत, लोळत मी त्यांच्या पायांवर जाऊन आदळले. त्यांच्या टाचेमागून एक खडा निसटून खाली गेला. तो तळाला लागल्याचा आवाज कितीतरी वेळ आला नाही. आजोबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. “किती गं धापा टाकतेस, पोरी!”

बाकीचे पोचले तेव्हा त्यांनी एवढंच पाहिलं.

“हिने अडवलं बाबांना!” बायकोला रडू आवरेना.

“माग भोंग्याने काढला,” नवरा हळूच म्हणाला.

“आणि त्याच्याच आवाजाने बाबा कड्याकडे पळाले!”

त्याने भोंग्याचा पट्टा आवळून धरला. खरं काय ते मी सांगितलं असतं, पण मला वाचा कुठे आहे?

दुसऱ्या दिवशी शिकारी आले. भोंगा आपणहून गाडीत चढला, कुठेतरी माग काढायचाय अशा आनंदात. वळणापर्यंत त्याचा सूर ऐकू आला. मग नुसतं इंजिन.

त्याला दोन वर्षं झाली. बायको येईल त्या गिऱ्हाइकाला माझा पराक्रम सांगते आणि लोक कौतुकाने माझी मान खाजवतात. मी अंग चोरून उभी असते. आजोबांचा जीव कशाने वाचला हे मला एकटीलाच माहीत आहे. ते थांबले म्हणून. न थांबते तर?

आमच्यापैकी कुणाला घरात आणायचं असेल तर अंगकाठी बघू नका, शांतपणा बघू नका. आम्ही कशामागे धावतो ते आधी विचारा. आणि कृपा करा, माझ्यासमोर पळू नका.

आत्ताही आजोबा उठलेत. दाराकडे निघालेत. अजून तरी सावकाश चालताहेत. मी डोळे गच्च मिटून घेतलेत.