चुंबकावर आलेला आळ

मी एका प्रयोगशाळेतला जुना चुंबक आहे. मुठीत मावणारा खेळण्यातला नव्हे बरं का! मित्रांनो, मी खोलीएवढा मोठा आहे. माझं अंग लोखंडाचं आणि त्याभोवती तांब्याच्या पोकळ नळ्यांचे वेढे. त्यांतून वीज वाहू लागली की मी तापतो, म्हणून आतून थंड पाणी फिरवावं लागतं. हे वेढे इथल्या मिस्त्रीकाकांनी तरुणपणी स्वतःच्या हातांनी गुंडाळले. पाहुणे मला पाहून "वा!" म्हणत, तेव्हा काका उगाचच फडक्याने मला पुसत राहत.

माझं काम सोपं आहे. समोर अतिसूक्ष्म कण एकमेकांवर आदळतात आणि त्यांतून नवे कण उडतात. धन विजेचा कण मी एकीकडे वळवतो, ऋण विजेचा दुसरीकडे. त्या वळणावरून माणसं त्यांना ओळखतात.

पुढे चकचकीत नवे चुंबक आले आणि माझ्या वाट्याला धूळ आली. माझ्या पाण्याच्या नळीचा एक सांधा ठिबकू लागला. त्याच काळात संशोधक बाई आल्या. त्या ज्याच्या मागावर होत्या, त्या कणात वीजच नव्हती. मात्र जन्मताना त्याच्याबरोबर जन्मलेला सोबती कण सांगे, की हा कण आहे की त्याचा उलटा भाऊ, म्हणजे प्रतिकण. फुटताना त्याचे तुकडे तेच पुन्हा सांगत. सोबत्यात आणि तुकड्यांत वीज असे, म्हणून त्यांची ओळख माझ्या वळवण्यावरूनच पटे. पण दोन्ही उत्तरं जुळेनात. जन्मला कण, फुटला प्रतिकण!

काही कण वाटेत असे पालटतात, हे साऱ्यांना ठाऊक होतं. पण हा कण पालटताना कुणी पाहिला नव्हता. प्रयोगशाळेच्या मोठ्या सरांनी खापर माझ्यावर फोडलं.

"अहो बाई, म्हातारा एका बाजूनं लंगडा झालाय. भंगारवाल्याला बोलावलंय मी. तुमचं कामही आता आवरा."

"सर, एकदा प्रवाह उलटा करून बघू द्या. मग खुशाल न्या."

प्रवाह उलटा केला, की डावीकडे वळणारे उजवीकडे वळतात. माझ्या एखाद्या बाजूत खोट असेल, तर ती लगेच उघडी पडते. इथली ती जुनी रीतच होती. पण सांधा ठिबकतो म्हणून सगळे ती टाळत आले होते. प्रवाह उलटवायला मला आधी बंद करावं लागतं; मी थंड होऊन पुन्हा तापताना सांधा निखळला असता, तर पाणी वेढ्यांवर सांडून मी कायमचा गेलो असतो.

सरांनी होकार दिला, तसे मिस्त्रीकाका पाना घेऊन माझ्या पोटाखाली शिरले. बाई विजेरी धरून बसल्या.

"म्हणजे बाई, घरातून निघाला एक आणि दारात पोचला दुसरा? बायकोनं ओळखायचं कसं त्याला?"

"थोडं थांबायचं, काका. माझं खरं असेल, तर तो परत पहिल्यासारखा होतो."

"मग हरकत नाही. आमच्याकडेही तसंच चालतं."

नवा सांधा बसला. प्रवाह उलटा सुरू झाला. मी तापलो, सांध्यानं दम धरला, आणि काकांचा जीव भांड्यात पडला.

खोट माझी असती, तर प्रवाह उलटताच न जुळणारी उत्तरंही उलटी झाली असती. ती होती तशीच राहिली. शिवाय संगणकाच्या पडद्यावर आलेखाची एक लाट उमटली. जन्मल्या जागेजवळ फुटलेले कण बहुतेक मूळचेच होते. थोडं लांब जाऊन फुटलेल्यांत पालटलेलेच जास्त होते. त्याहून लांब गेलेल्यांत मूळचे पुन्हा वाढले. बाई खुर्चीवरून उठल्या आणि त्यांनी माझ्या अंगावर हात ठेवला.

मोठे सर पडद्याजवळ आले. मग म्हणाले, "मिस्त्री, याचे सगळेच सांधे बदला."

"आणि भंगारवाला?"

"त्याला चहा पाजा आणि पाठवून द्या."

मित्रांनो, एखादी जुनी वस्तू भलतंच सांगू लागली, तर टाकून देण्याआधी तिला एकदा उलट बाजूनं विचारून पाहा. आणि तिचं कुठे ठिबकत असेल, तर आधी तेवढं नीट करा. तेवढ्यासाठी ती किती दिवस गप्प उभी असते, हे तुम्हाला कळत नाही.

आता पाणी माझ्यातून गार वाहतंय. उद्या प्रवाह पुन्हा उलटा होणार आहे. मी तयार आहे.