पुलावरची बकरी

पुलाच्या उतारावर रुपरावने ब्रेक दाबला आणि पिकअपने थांबायचं सोडून उजवीकडे मान फिरवली. दुभाजक अंगावर आला. मागे डाल्यात बसलेल्या खाप्याच्या महिला भजन मंडळाने एका सुरात किंकाळी फोडली. एरवी हा एक सूर साधायला त्यांना अख्खी दुपार लागायची. रुपरावने स्टिअरिंगशी झोंबत गाडी कशीबशी सरळ केली, पुलाखाली आणली आणि कडेला उभी केली. 

मागच्या जाळीतून मनकर्णाचा आवाज आला, "काय झालं वो?"

"बकरी आडवी आली."

"पुलावर?"

"मंग! बकरीले काय माहीत, पूल हाय का काय हाय!"

मनकर्णा त्याची बायको आणि मंडळाची प्रमुख. संसार जुना असल्यामुळे तिने पुढे काही विचारलं नाही.

मालवाहू गाडीतून माणसं नेऊ नयेत हे माहीत नाही असा माणूस त्या भागात नव्हता आणि ते पाळतो असाही नव्हता. संध्याकाळी खाप्याच्या मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेत, मंडळाचा कार्यक्रम होता. मांडव कन्हानच्या काठावर, आणि त्याच्याकडे जाणारा रस्ता असा उताराचा की ब्रेक नसलेली गाडी मांडव ओलांडून थेट नदीत जाईल. एका रंगाच्या साड्या हव्यात म्हणून सगळ्याजणी सकाळीच शहरात, गांधीबागेच्या कापडबाजारात आल्या होत्या. मंडळाला ने-आण करायचा मान रुपरावला यंदा पहिल्यांदाच मिळाला होता. आजवर तो एका ट्रॅक्टरवाल्याकडे होता, आणि तो ट्रॅक्टरवाला आजही मोकळाच होता. गाडी बिघडल्याची बातमी त्याच्यापर्यंत जायला फोनसुद्धा लागला नसता.

म्हणून रुपरावने काय केलं, तर मागच्या डाव्या चाकावर ओघळलेलं तेल फडक्याने लख्ख पुसून काढलं आणि मगच गाडी कोराडी रोडवर नंदिनीच्या गॅरेजात नेली.

नंदिनी ऑटोमोबाइलचा डिप्लोमा करून वडिलांचं गॅरेज चालवत होती. गाडी पाहताच तिच्या कपाळावर आठी आली.

"काका, पुन्हा?"

"थोडंसं गळते. तेल टाकून दे फक्त. जायची घाई हाय."

"तेल अडवणारं सील मी दोनदा बदललं. सील नवं, शाफ्ट गुळगुळीत, बेअरिंग ठीक. मग गळते काहून?"

"नजर लागली," रुपराव म्हणाला. "दसऱ्यापासून सुरू हाय हे. इतकी चकाचक गाडी खाप्यात दुसरी नाही."

यात चकाचकपुरतं खरं होतं. दसऱ्याला सगळेच गाडी धुतात, हार घालतात. रुपरावने चटई टाकून गाडीखाली शिरून पोटसुद्धा रंगवलं होतं. काळ्या रंगाचे दोन हात, वर पिवळी किनार. गाडीला वरून सगळे पाहतात. खालून फक्त खड्डे पाहतात. त्यांच्यापुढेही आपली शोभा व्हायला नको, असा त्याचा विचार.

बायका उतरून कडुनिंबाखाली चहा घेऊ लागल्या. नंदिनी पाना घेऊन गाडीखाली सरकली. रुपराव उकिडवा बसून वाकून पाहत राहिला. ती चाकाकडे वळली की तो तिला घाईची आठवण करून द्यायचा. चाक उघडलं तर आतलं सगळं दिसणार, गाडी इथेच राहणार, आणि मंडळ ट्रॅक्टरमध्ये बसणार.

नंदिनीने चाकाला हात लावला नाही. दोन चाकांना जोडणारा आडवा एक्सल मधोमध मडक्यासारखा फुगतो, तिथला तेल भरायचा बोल्ट ती सैल करू लागली.

फुस्सऽऽ!

सोड्याची बाटली फोडावी तसा आवाज झाला. तिने डोकं झटकन मागे घेतलं.

"काका, आत एवढी हवा कोंडली कशी?"

"मी कशाले भरू हवा?"

"तुम्ही नाही भरली. गाडी चालली की एक्सल गरम होतो, आतली हवा फुगते. ती निघून जायले वर एक बारीक नळी असते, ब्रीदर. कुठं हाय ती?" तिने टॉर्च फिरवला. सगळीकडे काळा कुळकुळीत रंग चमकत होता. मग एका उंचवट्यावर तिचं बोट थांबलं. तिने पातळ तारेने खरवडलं. रंगाची जाड खपली निघाली आणि खाली बुजलेलं भोक दिसलं.

"सापडली तुमची नजर," ती म्हणाली. "दोन हात काळा, वर पिवळी किनार. हवेले रस्ता नाही, म्हणून ती तेलाले सीलमधून बाहेर ढकलून राहिली. मी इकडं सील बदलतेय अन् तुम्ही तिकडं बूच मारून बसले."

एरवी रुपरावला हे फार लागलं असतं. आज त्याला हर्षच झाला. "म्हणजे आता मोकळं झालं! मिटलं ना?"

"कारण मिटलं." नंदिनीने तेल भरलं, बोल्ट आवळला, बाहेर आली. हात पुसता पुसता तिने विचारलं, "तेल ब्रेकवर तर नाही गेलं ना? गाडी ओढते का एकीकडं?"

"छे! एकदम मक्खन."

"पक्कं?"

"पक्कं म्हणजे काय! मी रोज चालवतो न."

तिने खांदे उडवले. रुपरावने "चला वं, बसा लवकर!" अशी हाक दिली आणि केबिनमध्ये चढला. आरशात पाहायचं त्याने टाळलं, कारण आरशात मनकर्णा दिसली असती. चावी फिरवली. इंजिन लागलं. पाय सवयीने ब्रेकवर गेला आणि तिथेच राहिला.

पॅडल लागत होतं चांगलं. पुलावरही चांगलंच लागलं होतं.

त्याला कन्हानचा उतार दिसला. उताराच्या टोकाला मांडव, मांडवात खुर्च्या, खुर्च्यांवर अर्धं खापं. डाल्यात मनकर्णा, मांडीवर ढोलकी. आणि तिथे बकरी आडवी आली असं कुणाला सांगणार? सांगायला तरी कोण उरणार?  नंदिनी रस्त्यावरची रहदारी पाहत, आता निघा, असा हात करत होती.

त्याने इंजिन बंद केलं.

"नंदिनी, बकरी नव्हती."

"कोणती बकरी?"

"पुलावरची. ब्रेक दाबला अन् गाडी उजवीकडं ओढली. जोरात. मी फडक्यानं चाक पुसून आणलं."

नंदिनीने पुन्हा पाना उचलला. जॅक लावला, डावं चाक काढलं, वरचं झाकण हातोडीने ठोकून ओढलं. आतला ब्रेक कढईतून नुकत्याच काढलेल्या भज्यासारखा तेलाने निथळत होता. तिने हात पुसायचं फडकं त्याच्याच हातात दिलं. गाडी आज हलणार नव्हती.

बायकांना तोंड दाखवायला तो आता कुठे मागे गेला. डाल्यात साड्यांचं गाठोडं होतं आणि ढोलकी होती. बाई एकही नव्हती. सगळं मंडळ कडुनिंबाखाली जसंच्या तसं उभं होतं, सगळ्यात पुढे मनकर्णा.

"तुम्ही चढल्या नाही?"

"मीच नाही चढू दिलं."

"काहून?"

"डाल्यात मी जाळीशीच बसली होती न वो. पुलावर काय आडवं येते न काय नाही, मले दिसत नाही का?"

"मंग बोलली काहून नाही?"

"पाहून राहिली होती," मनकर्णा म्हणाली, "तुम्ही त्या बकरीले कुठवर घेऊन जाता त."

रुपरावने गाठोडं खांद्यावर घेतलं, ढोलकी बगलेत मारली. खाप्याकडे जाणारी सावनेरची बस आली तेव्हा ते सगळं त्याने मुकाट्याने आत चढवलं. बस हलली. खिडकीतून कुणीतरी हळूच "मेंऽऽ" केलं.

आणि मग सगळ्या मंडळाने, एका सुरात.