लांब लाकडाचं दुसरं टोक

मित्रांनो, पडवीच्या कोपऱ्यात गोणपाटाखाली जे लोखंड दिसतं, तो मी. लाकूड कापायच्या मशीनचा घडीचा स्टँड. त्या मशीनला मायटर सॉ म्हणतात, पण आमच्याकडे सगळे त्याला कटरच म्हणतात. कटर माझ्या पाठीवर बसतो आणि लाकूड कापतो. सरळ कापतो, तिरकं कापतो, चौकटीचा कोपरा जुळेल असं कापतो. मी काही कापत नाही. मी नुसता उभा राहतो.

माझा मालक भिकाजी. तो मुंबईत फर्निचरच्या कामावर होता. लॉकडाऊनमध्ये काम बंद पडलं आणि तो कटरला आणि मला घेऊन कायमचा गावी आला. गाव वरंधजवळ, महाडहून भोरला जाणाऱ्या रस्त्याला. वीर स्टेशनवर त्याची बायको शर्मिला रिक्षा घेऊन आली होती. रिक्षात मी आडवा मावेना, म्हणून मला तिच्या मांडीवर टेकवून उभा केला.

"मानसाला जागा नाय आनि लोखंडाला मांडी," ती म्हणाली.

"लोखंड नाय गो. हाच आपलं पोट भरनार."

"पोट भरनार का डोकं फोडनार ते बघू. पुढं खड्डा हाय."

असा मी या घरात आलो.

चौकटीचं लाकूड माणसापेक्षा लांब असतं. माझे स्वतःचे हात आखूड, त्यावर ते मावत नाही. लांबचं टोक कोणीतरी धरावं लागतं, नाहीतर लाकूड खाली झुकतं आणि काप वाकडा येतो. मुंबईत ते काम करायला माणसं होती. इथे ते शर्मिलानं घेतलं. सकाळी शेतावर जायची, जेवण करायची आणि पदर खोचून अंगणात माझ्या डाव्या बाजूला उभी राहायची. ती लाकूड घट्ट पकडत नसे. दोन्ही तळवे खाली ठेवायची आणि नुसतं तोलायची. नीट झालं की "हं" म्हणायची. मग भिकाजी बटण दाबायचा. कामात दोघांचं बोलणं बहुतेक एवढंच.

ही जोडी पोलादपूरपर्यंत कामाला जायची. भिकाजीच्या चौकटीच्या सांध्यात नख शिरत नाही, असं लोक म्हणायचे. कटरचंही कौतुक व्हायचं. शर्मिलाचं नाव कोणी काढत नसे. ती हसून म्हणायची, "मी आपली कपड्याची दांडी. वाळत घाला काय ते."

मित्रांनो, इथून पुढची गोष्ट आनंदाची नाही.

एका उन्हाळ्यात तिचा डावा हात लवकर थकू लागला. ती लाकूड उजव्या हातावर घेऊ लागली. डाव्या हातातल्या बांगड्या घट्ट झाल्या, तेव्हा तिनं साबण लावून त्या काढल्या आणि कोनाड्यात ठेवल्या. भिकाजी बटणावर बोट ठेवून उभा होता. त्यानं विचारलं, "हात दुखतो काय गो?"

"नाय."

"मग वाकडी का उभी ऱ्हायलीस?"

"तुमचं लाकूडच वाकडं हाय."

तो हसला आणि त्यानं लाकूड कापलं.

काही महिन्यांनी एक फळी तिच्या हातातून सुटली आणि तिच्याच पायावर पडली. त्या दिवशी तिनं सांगितलं की काखेत गाठ आहे आणि बरेच दिवस आहे. महाडच्या डॉक्टरांनी हात लावून बघितलं आणि लगेच मुंबईला जायला सांगितलं. दोघं वीरहून गाडीनं जायची, यायची. अंगणात मी घडी घालून पडून असायचो. ती परत आली तेव्हा डोक्याला रुमाल बांधलेला होता. डाव्या हातानं काही उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

तेव्हा भिकाजीनं मला पंख लावायचं ठरवलं.

स्वयंपाकघरांची कपाटं करून उरलेलं प्लायवूड त्यानं काढलं. त्याच्या दोन लांब अरुंद पेट्या केल्या, आतून सागाच्या पट्ट्या मारल्या म्हणजे त्या मधे झुकणार नाहीत. वर सनमायकाचे तुकडे चिकटवले, लाकूड सरकावं म्हणून. मग बिजागऱ्यांनी एक पेटी माझ्या डावीकडे जोडली, एक उजवीकडे. प्रत्येकीच्या टोकाला एक पाय. काम नसेल तेव्हा पाय दुमडायचा आणि पेटी खाली सोडायची. ॲल्युमिनियमची लांब पट्टी, लाकूड टेकतं त्या कटरच्या पाटापासून पेटीच्या टोकापर्यंत आडवी ठेवून तो डोळा लावून बघत होता. पट्टीखाली उजेड दिसला की पायाचा तुकडा काढून वेगळ्या लांबीचा बसवायचा. असं अंगणात दिवसभर चाललं होतं.

शर्मिला ओटीवर बसून बघत होती.

"हे कशाला?"

"लांब लाकडाला."

"त्याला मी हाय ना."

भिकाजी स्क्रू पिळत राहिला.

"मला कामावरनं काढलात म्हना की सरळ."

"काढलं नाय गो. सुट्टी दिली."

"सुट्टी मागितलीती कुनी?" थोड्या वेळानं ती म्हणाली, "पंख लावलेत त्याला. कोंबडीलाबी असतात पंख. उडते कुठं?"

मित्रांनो, ती हसून बोलली, पण उठून आत गेली आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आली नाही. तिला मरणाची भीती किती होती ते मला ठाऊक नाही. लाकडाचं दुसरं टोक सोडायची भीती मात्र मी बघितली. ते सोडलं की तिला घरात एकच काम उरणार होतं, आजारी असण्याचं.

पंखांचं पहिलं काम महाडात निघालं. चिंतामणी सर म्हणून एक निवृत्त शिक्षक आहेत. मोठ्या पुरात त्यांच्या घरात पाणी भरलं होतं. तेव्हा फुगलेले दरवाजे त्यांनी आता काढायला घेतले होते. भिकाजी एकटाच गेला. सरांच्या हॉलमध्ये गुळगुळीत लादी. त्यानं मला उभा केला, पंख उघडले आणि चौकटी कापल्या. त्या जोडल्या तेव्हा प्रत्येक कोपऱ्यात फट.

सर चष्मा सारखा करत म्हणाले, "भिकाजी, या फटीतून माझा पेपर आत येईल हो. हे तुमच्या हातचं काम वाटत नाही. वहिनी आल्या नाहीत का?"

भिकाजीनं चौकटी सोडवल्या. सगळं लाकूड त्यानं पुन्हा टेम्पोत घातलं आणि घरी आणलं. कटर उघडून त्याचं पातं तपासलं. कोन पक्का करणारा खिळा तपासला. सगळं बरोबर होतं.

शर्मिला काठी टेकत अंगणात आली आणि माझ्या डाव्या पंखापाशी, तिच्या नेहमीच्या जागी उभी राहिली.

"अवो, हितं मी उभी ऱ्हायची तेव्हा माझे पाय कुठं असायचे?"

"कुठं म्हंजे?"

"उतारावर. पानी जायला अंगनाची कड तुमीच उतरती केलीत ना? तुमी ह्याचा पाय तेवढा लांब केलात. सरांच्या घरात उतार कुठनं येनार?"

खरंच तसं होतं. आमच्याकडे पाऊस इतका पडतो की अंगणाची कड उतरती ठेवावीच लागते, नाहीतर पाणी घरात येतं. माझे चार पाय जोत्याजवळच्या सपाट भागात होते आणि पंखाचा पाय उतारावर. सपाट लादीवर तोच पाय उंच झाला, पंखाचं टोक वर गेलं आणि लाकूड कटरच्या पाटावरून उचललं गेलं. आपल्या अंगणावर भिकाजीचा इतका विश्वास होता की ते सपाट नाही हे तो विसरला होता. शर्मिला विसरली नव्हती, कारण जमीन खाली गेली की हात वर घ्यायचा, हे ती रोज करत होती.

"मग आता?" भिकाजीनं विचारलं.

"कमीजास्त व्हनारा पाय लावा. माझ्यासारका."

महाडच्या भंगारवाल्याकडे पुरात बुडालेली वॉशिंग मशिनं अजून पडलेली होती. त्यांच्या बुडाला फिरवून खालीवर होणारे पाय असतात. भिकाजीनं तसे पाय आणले आणि माझ्या पंखांच्या टोकांना बसवले. ते फिरवायचं काम शर्मिलानं मागून घेतलं. त्याला जोर लागत नव्हता. उजव्या हाताच्या दोन बोटांनी ती पाय फिरवायची, तळवा लाकडाखाली घालून बघायची आणि "हं" म्हणायची.

मग ती पुन्हा कामावर जाऊ लागली. भिकाजी तिला रिक्षानं न्यायचा आणि पंखाच्या टोकाशी खुर्ची ठेवायचा. सरांच्या चौकटी दुसऱ्या वेळी जुळल्या. सरांनी तिला चहा देताना म्हटलं, "वहिनी, तुम्ही इन्स्पेक्टर झालात."

"मग काय," ती म्हणाली. "कामगार एकच हाय, पन लक्ष ठेवावं लागतं."

ते महिने चांगले गेले. फार नव्हते.

शेवटचं काम नाते गावात होतं. तोवर तिचा डावा हात सुजून उजव्याच्या दुप्पट दिसत होता. घराच्या दारासाठी सागाचं लांब लाकूड कापायचं होतं. तिनं पाय फिरवला नाही. ती खुर्चीतून उठली.

"आज पंख खाली सोडा. मी धरते."

"डॉक्टर काय म्हनालेत?"

"डॉक्टर हितं नाय. सोडा."

भिकाजीनं माझा डावा पंख खाली सोडला. तिनं दोन्ही तळवे लाकडाखाली ठेवले. तिचे हात थरथरत होते. ते थरथरणं लाकडातून माझ्यापर्यंत येत होतं. भिकाजीला ते दिसत होतं. तरी तिनं "हं" म्हटलं आणि त्यानं बटण दाबलं.

काप वाकडा आला. त्यानं तुकडा उचलला आणि उलटा करून बाजूला ठेवला.

"दाखवा," ती म्हणाली.

"बरोबर हाय."

"दाखवा म्हनते ना."

त्यानं दाखवला. तिनं कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं. बराच वेळ ती तो तुकडा हातात धरून उभी होती. मग म्हणाली, "पंख लावा."

"अजून एक बघू. लाकूड हाय."

"लाकूड फुकट घालवू नका. लावा."

ती खुर्चीत जाऊन बसली. त्या दिवशी पाय भिकाजीनं फिरवला. त्यानंतर ती कामावर आली नाही.

श्रावणात ती गेली. पाऊस दिवसचे दिवस थांबला नव्हता. आमच्या वाडीत मयत झालं की प्रत्येक घरातून लाकूड येतं. लोक आले, पण त्यांनी आणलेलं लाकूड ओलं होतं. घरातसुद्धा सगळ्यांचं भिजलेलं. ओल्या लाकडावर काय होतं, ते तिथल्या प्रत्येकानं कधी ना कधी बघितलं होतं.

भिकाजी शिडी लावून माळ्यावर चढला. मागची पडवी वाढवायला त्यानं किंजळीच्या लाकडाचे वासे तिथे वाळत ठेवले होते. ते त्यानं एकेक करून खाली दिले. फार लांब होते. मग तो माझ्याकडे आला, मला ओटीवर उभा केला आणि पाठीवर कटर चढवला.

शेजारच्या आनंदीबाई म्हणाल्या, "अरे भिकाजी, मयताच्या घरात मशीन लावतोस? कोयत्यानं तोडतील की पोरं."

"मीच कापनार, काकी."

त्याचा चुलतभाऊ सोनबा डोळे पुसत पुढे आला आणि लाकडाचं दुसरं टोक धरायला वाकला. "दे, मी धरतो."

"नको," भिकाजी म्हणाला. "तिथं कुनी उभं ऱ्हाऊ नका."

सगळे मागे झाले. त्यानं माझे पंख उघडले. गुडघ्यावर बसून पाय फिरवला, तळवा लाकडाखाली घालून बघितलं. आतून बायकांचं रडणं येत होतं. कटर सुरू झाल्यावर ते ऐकू येईना. सगळे वासे त्यानं एकाच मापाचे कापले, टोकं सरळ, जशी गिऱ्हाइकाला द्यायची असतात तशी. लोकांनी ते ताडपत्रीत गुंडाळून नेले. मी पंख उघडे टाकून ओटीवर उभा राहिलो. मला मिटायचं कोणाच्या लक्षात आलं नाही.

मित्रांनो, त्यानंतर मी एकदाही उघडलेलो नाही. माझ्या नटांना गंज चढला आहे. उजव्या पंखाचं प्लाय दमटपणानं फुगलं आहे आणि सनमायका सुटत चालला आहे. मुलगी अंकिता मुंबईहून फोन करते आणि विचारते, "बाबा, कामाला लागलात काय?" भिकाजी म्हणतो, "लागेन." त्याला काम मिळत नाही असं नाही. बोलवायला माणसं येतात. तो त्यांना चहा देतो आणि दुसऱ्या सुताराचा नंबर देतो.

माझ्याकडे लक्ष द्या, मला तेल घाला, असं मी तुम्हाला सांगणार नाही. मी लोखंड आहे. मला गंज चढला तर घासून निघेल. पायाचा तुकडा चुकला तर दुसरा बसवता येतो, हे तुम्ही ऐकलंच.

माणसाचं तसं नसतं. तुमच्याही घरात कोणीतरी लाकडाचं दुसरं टोक धरून उभं असेल. कदाचित तुमची आई असेल. तिचं नाव कामावर लागत नाही, म्हणून तिच्याकडे लक्ष जात नाही. तिला नुसतं विचारून भागत नाही, कारण ती खरं सांगणार नाही. काम असेल तर असू द्या, मशीन बंद करा. तिच्याजवळ जा, तिचा हात आपल्या हातात घ्या आणि उजेडात धरून नीट बघा.